दिलखुश निघाला आहे

गुडघा बदलला, त्याला आता चौदा महिने झाले.
तेव्हापासून सियागंज माझ्या तळहातावर आहे.
अंगठ्याने वर सरकवायचं,
डाळी येतात, मग तेलं, मग फिनाइल.
खोटं कशाला बोलू, मजा येते.
पूर्वी पाच किलो कणीक
टेम्पोत मांडीवर घेऊन यायची मी,
उतरताना ड्रायव्हर म्हणायचा, अम्माजी, जल्दी.
आता रात्री साडेदहाला, पडल्या पडल्या
हिंगाची डबी मागवते. एकच.
कुणी तोंड वाकडं करून विचारत नाही,
बस, इतकंच?

फक्त त्याला माझी भाषा येत नाही.
एकादशीच्या आदल्या दिवशी 'भगर' लिहिलं,
त्याने बर्गर दाखवले. सहा प्रकारचे.
'मोरधन' लिहिलं, लगेच आली.
साठ वर्षं या इंदूरात हेच तर केलं,
घरात भगर, दाराबाहेर मोरधन,
जीभ चपलेसारखी उंबऱ्यावर बदलायची.

मग फोनवर अक्षरं उमटली:
दिलखुश आपका सामान लेकर निकल चुके हैं.
असं नाव असलेला माणूस
माझ्याकडे यायला निघालाय, हे वाचूनच
मी केसांवरून हात फिरवला.
नकाशात इवलीशी स्कूटर चिमणबागेपाशी अडली,
जरा मागे गेली,
कुणाच्या तरी घरातून आरपार निघाली
आणि आमच्या गल्लीत थांबली.

आंटी, तीसरी मंज़िल? लिफ़्ट है?
नहीं है, बेटा.
अच्छा, म्हणाला.
त्या अच्छामध्ये सकाळपासूनचे सगळे जिने होते.

रुको, ऊपर मत आना, म्हटलं
आणि गॅलरीतून टोपली सोडली.
निळी प्लास्टिकची, एक कडी तुटकी, नाड्याने बांधलेली.
हिच्यातून दूध आलंय, फुलपुडी आलीय,
एकदा तर टोणगावकरांचं मांजर.
तुझ्या कंपनीच्या आधीपासूनची सोय आहे ही,
असं सांगणार होते,
पण तो पिशवी ठेवेना.
दाराचा फोटो लागतो म्हणाला, नियम आहे.
बराच वेळ आम्ही तसेच,
तो मान वर करून, मी मान खाली घालून.
शेवटी त्याने टोपलीचाच फोटो काढला,
अधांतरी, दोन मजल्यांच्या मध्ये:
मोरधन, हिंग, अर्धा लिटर दूध
आणि वर कठड्याशी, हरभऱ्याएवढा माझा चेहरा.

भांडं रिकामं परत करू नये,
हे आमच्याकडे कुणी शिकवावं लागत नाही.
लवंगेच्या शेवेची पुडी घातली, पाण्याची बाटली घातली.
हेल्मेट न काढताच तो पाणी प्यायला,
शेव खिशात कोंबली,
बाटली परत ठेवून दोरीला एक हिसका दिला,
विहिरीवर देतात तसा, ओढ म्हणून.
हे याला कुणी शिकवलं असेल?

आत येईपर्यंत फोन विचारतोय,
अनुभव कैसा रहा?
पाचही तारे दाबले.
खाली लिहायला थोडी जागा होती.
मी मराठीतच लिहिलं,
दोरी हातभर लांब हवी.