बोटभर मूठ

शिवलिंगव्वानं पदरातून काढून ठेवलं लाटणं
लेथच्या पाळीवर, दोन तुकड्यांत.
“अव्वाचं हाय. पोरीच्या तबकात बसवून द्या.”
खानापूरचा बाजार, भर दुपार,
बिडीच्या बसला अजून तासभर होता,
ती बसूनच राहिली भुशाच्या पोत्यावर.

हळदूचं लाटणं. चाळीस वर्षं पीठ पिऊन
पिवळं नव्हे, पांढरंही नव्हे असं झालेलं.
मधोमध झिजून कंबर बारीक,
आणि त्याच कंबरेत भुंग्याचं घर.
फुंकर मारली तर पूड उडाली, मैद्यासारखी.
म्हटलं, बाई, याचं कडं व्हायचं नाही,
माणसाच्या हट्टानं लाकूड वाकत नसतं.
“मग काय हुतंय ते करा,” म्हणाली,
आणि नवं काही बोलली नाही बस येईपर्यंत.

तबक शिसवाचं.
लोंढ्याला रेल्वे क्वार्टरात पलंग मोडला होता,
त्याची उशाकडची फळी
तीन पावसाळे माझ्या माळ्यावर मुरत होती.
चाकावर चढवून गोल पटाशी टेकवली
तशी पहिली ढलपी निघाली, काळपट जांभळी.
लोक म्हणतात शिसवाला गुलाबाचा वास असतो.
मला येतो भिजलेल्या गुळाच्या ढेपेचा.

कर्कटानं काठावर बारा खुणा मारल्या.
बाराच का? हाताची सवय.
गिरमिटानं बारा घरं पाडली
आणि मग मोजायला घेतलं लाटणं.
हे आधी करायचं असतं.
बाप असता तर कान पिळला असता.

धड होती ती फक्त दोन टोकं.
चवलीएवढ्या चकत्या कापत गेलो,
करवतीनं खाल्लं ते वेगळंच.
अकरा निघाल्या.
बारावी हातातच फुटली,
आत भुंगा वाळून पडलेला, पंखांसकट.

दुसरा हळदू होता की माळ्यावर. नवा, लख्ख.
चहाचं पाणी लावून तेल पाजलं असतं
तर कुणाला कळलं नसतं.
कुणाला कळलं नसतं, हेच डाचत राहिलं
लाईट जाऊन परत येईपर्यंत.

सरस गरम होता. बारा ठोके, मोगरीचे, हलके.
रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी चाक सुरू केलं
तर पटाशीखाली टकटक टकटक,
प्रत्येक चकती आपापलं डोकं वर काढून.
घेत गेलो, घेत गेलो केसाकेसानं,
टकटक थांबली
तेव्हा कळलं, सगळ्या एका उंचीला आल्या.

पुढच्या बाजाराला आली. पिशवी खाली ठेवून
अंगठ्यानं मोजत गेली काठावरून,
ओंदु, एरडु, मूरु,
ओठ न हलवता म्हणावं इतकं हळू.
हन्नोंदुच्या पुढं अंगठा अडला.
तांबूस, बाभळीची, जरा मोठ्या दाण्याची.
“इदु यारदु?”
माझ्या बापाची, म्हटलं. पटाशीची मूठ.
तुमचं कमी पडलं.

अंगठा होता तिथंच फिरवला तिनं, दोनदा.
मग तबक लुगड्याच्या जुन्या धडप्यात गुंडाळलं,
ठरले तेवढेच पैसे मोजून दिले,
घासाघीस नाही, वर एक रुपया नाही,
आणि म्हणाली, “बसची येळ झाली.”

पटाशी अजून तीच वापरतो.
मूठ बोटभर आखूड.
करंगळी रोज एकदा तरी
टेकायला जाते तिथं,
आणि हवेत राहते.