अर्थ लागत नाही

सूरच्या सनाइयात, टायरवाल्याच्या शेजारच्या गाळ्यात
खलफान गाडी लावतो आणि उतरायच्या आत सांगून टाकतो:
बल्ब नवे. फ्यूज नवा. रिले मस्कतहून मागवलेला.
तरी डावा दिवा असा,
बर्फात तीन दिवस ठेवलेल्या माशाच्या डोळ्यासारखा.

लँड रोव्हर, सत्त्याऐंशीची.
मागे जाळी, दोऱ्या, वाळलेले खवले.
"परवा रास अल हद्दच्या रस्त्यावर,"
त्याच्या अर्ध्या हिंदीत, माझ्या पाव अरबीत,
"उंटीण उभी. डाव्या अंगाला.
मला नुसते पाय दिसले.
चार मोठे, चार बारीक."
बोटांवर आठ मोजतो,
मग एक बोट उरलंय का ते बघतो.

भर दुपारी दिवा कसा बघणार?
शटर खाली ओढतो. गाळ्याची भट्टी होते.
सुनोज स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावतो.
थांब, म्हणतो मी. आधी इंडिकेटर बघ.
हेडलाइट लावला की
डावा इंडिकेटर मिणमिणतोय,
कोणी बोलावलेलं नसताना.
अप्पर दिला की जरा जास्तच.
करंटला परतायची वाट सापडत नाहीये, सुनोज,
म्हणून तो शेजाऱ्याच्या घरातून चाललाय.

भरणे नाक्यावर कासारदादांकडे शिकलो मी हे.
दादा अर्थिंगला नुसतं अर्थ म्हणायचे.
बोनेटात डोकं घालून ओरडायचे,
"हिला अर्थच लागत नाही रे!"
आणि स्कूटर घेऊन आलेले जगदाळे मास्तर
हसून हसून पायरीवर बसायचे.
दादांना कळायचं नाही त्यात हसण्यासारखं काय.
"प्लस कोणीही शोधतो," ते मला म्हणायचे,
"गेलेला परत कुठून येतो, ते बघ."

एक वायर घेतली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला,
दुसरा दिव्यामागच्या काळ्या तारेला.
शटर आतून पांढरं झालं.
त्यावरची जुनी बेरीज दिसली,
कोणाच्या तरी बाकी चौदा रियालची.
खलफान काही बोलला नाही,
चप्पल काढून उभा राहिला फक्त.

बोल्ट सापडला चाकाच्या वर, मडगार्डच्या आत.
पत्रा अॅल्युमिनियमचा, बोल्ट लोखंडी,
दोघांच्या मधे सदतीस वर्षांचा समुद्र.
तांबडा गंज सगळ्यांना दिसतो.
हा पांढरा, पिठासारखा,
बोटाला लागला तरी धूळ वाटावी.
पॉलिश पेपरने घासला, पत्रा चमकेपर्यंत,
नवा दातेरी वायसर,
वर व्हॅसलिन, फुटलेल्या ओठांना लावतो तेवढं.

मला इथे अकरा वर्षं झाली.
दर पाच तारखेला पैसे जातात. पोचतात.
प्लसची बाजू ठीक आहे.

"जुने बल्ब?" मी विचारलं.
डॅशबोर्डच्या खणात होते, पावतीत गुंडाळलेले.
लावून बघितले. दोन्ही चांगले.
खलफानने ते तळहातावर घेतले
आणि बराच वेळ बघत राहिला,
खोट्या आळापायी कामावरून काढलेल्या पोरांकडे बघावं तसं.

मगरिबनंतर समोरच्या भिंतीवर खडूने रेघ मारली.
उजवा दिवा कोणीतरी वर करून ठेवला होता,
डाव्याची भर काढायला.
दोन वर्षं समोरून येणारे शिव्या देत गेले असतील.
स्क्रू अडीच आटे फिरवला,
उजेड रेघेखाली येऊन बसला.

तीन रियाल म्हणालो. तो दोन म्हणाला.
अडीच दिले, आणि जुने बल्ब परत खणात ठेवले,
या वेळी पावतीशिवाय.

गोल चौकापाशी त्याने डावीकडे वळायला
इंडिकेटर दिला.
सुनोज हातातलं काम टाकून बघत होता.
लागला. विझला. लागला.
बोलावल्यावरच.