सुळग्याचा ळ

एकतीस वर्षं उद्यमबागेत
फौंड्रीच्या इन्स्पेक्शन टेबलाशी उभा होतो.
पंपाची बॉडी, व्हॉल्व्हचं बोनेट, ट्रॅक्टरचं ब्रॅकेट,
हातोडीनं हलकं ठोकायचं आणि ऐकायचं.
खणखणीत वाजलं तर पुढे.
बद्द वाजलं तर आत कुठंतरी चीर आहे,
दिसो न दिसो.

म्हणून शिवलीला म्हणाली, काका, तुम्ही पण या,
रविवारी, वडगावात, विणकर सोसायटीच्या हॉलात.
टेस्ट लिहायच्यात.
म्हटलं, मला त्यातलं काय कळतंय?
म्हणाली, खोट काढता येते की.

सतरा जण, अकरा लॅपटॉप, एकच एक्स्टेंशन बोर्ड,
शेकोटीभोवती बसावं तशी त्याच्याभोवती पोरं.
भिंतीपलीकडं कुणाचा तरी माग चालू,
त्याला रविवार नाही.
लायब्ररी म्हणतात, पण पुस्तक एक नाही तिच्यात.
कानडी अक्षरं आत घालायची, देवनागरी बाहेर काढायची,
एवढाच तिचा धंदा.
कुणी लिहिली? असंच कुणीतरी.
कुणासाठी? ज्याला लागेल त्याच्यासाठी.
आणि पैसे?
तौसीफ मुल्ला हसला,
फुकटची आहे म्हणून तर तपासायची, काका.
विकतच्या मालाला गिऱ्हाईक निदान शिव्या तरी घालतंय.

मला म्हणाले, गावांची नावं सांगा.
मी कंडक्टरसारखा सुटलो:
काकती, कडोली, मुचंडी, हलगा, उचगाव...
डाव्या हाताला नाव, उजव्या हाताला
आपल्याला हवं असलेलं उत्तर,
मधे यंत्र, घाम न येणारं.
काकती हिरवी. कडोली हिरवी. हलगा, तोही हिरवा.
मग म्हटलं, सुळगा. सासुरवाडी माझी.

पडद्यावर लाल.
(झेंडा नव्हे. इथं लाल म्हणजे फक्त चूक.)
यंत्र म्हणालं: सुलगा.

टाळ्या वाजवल्या पोरांनी!
आमच्यात रिजेक्ट निघाला की सुपरवायझर
दिवसभर बोलायचा नाही,
इथं मला कुणीतरी अळेपाकाची वडी दिली.
सुलगा म्हणजे हिंदीत पेटला, तौसीफ म्हणाला.
म्हटलं, दोन सुळगे आहेत आपल्या तालुक्यात,
दोन्ही पेटवले की रे यानं.
ज्यानं तक्ता मांडला त्याच्या बोलीत
ळ नसेल बिचाऱ्याच्या.
दोष त्याचा नाही.
आपण तरी कधी सांगितलं होतं?

गिरमिट खाऊन परत बसलो तेव्हा
कोपऱ्यातला मूगबसव म्हणाला,
आपल्या शहराचं नाव घालू या.
माग एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागला.
डावीकडं काय लिहायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं.
उजवीकडं?
टेस्टची हीच तर अडचण,
यंत्राला विचारण्याआधी
बरोबर उत्तर आपल्याला माहीत असावं लागतं.
कुणाचे आजोबा तुरुंगात गेलेले, कुणाचे मामा
पाटीला काळं फासताना पडलेले.
शिवलीलानं ती ओळ वगळलेली म्हणून ठेवली.
ती लालही होत नाही, हिरवीही होत नाही.
राहते.

अकराव्या दिवशी तिचा फोन:
काका, घेतली. ळ दुरुस्त झाला.
तिकडच्या माणसानं विचारलंय, सुळगा म्हणजे काय?
म्हटलं, लिही, एका बाईचं माहेर.

आता त्या तक्त्याला जो कुणी हात लावेल,
रात्री तीनला, कुठल्याही देशात,
त्याला आधी सुळग्यावरनं जावं लागेल.
पास झालेलं कास्टिंग कुणाच्या लक्षात राहत नाही,
तशी ही टेस्टही राहायची नाही.
चालतंय.

घरी सांगितलं तर ही भाकरी थापता थापता म्हणाली,
त्यात काय तपासायचं असतंय?
आणि जीभ मागं वळवून,
टाळूवर हलकं ठोकून
म्हणाली, सुळगा.

मी ऐकलं.
खणखणीत.