हातचा

शेजारचा मुलगा प्लॅस्टिकची दोन विमानं घेऊन आला,
एक तळहाताएवढं, दुसरं मांडीवर मावेना.
"कुरामोची-सान, यातलं भारी कोणतं?"
खोक्याच्या झाकणावर वेग, उंची, वजन, तोफा,
सगळं छापलेलं. मी चष्मा शोधला नाही.
ते आकडे मला पाठ आहेत; पाढे असतात तसे नव्हे,
दाढ दुखत असली की जीभ आपसूक
तिथेच जाते, तसे.

त्यांचं साठ टनांचं. आमचं तीन.
त्यांची इंजिनं चार. आमचं एक,
आणि विरळ हवेत तेही दमेकऱ्यासारखं धापायचं.
त्यांची माणसं म्हणे तिथे वर
शर्टाच्या बाह्या दुमडून कॉफी प्यायची.
आमच्या हिराइवाच्या मोज्यांत मी
सुक्या मिरच्या भरायचो, बोटं गोठू नयेत म्हणून.

भोंगा वाजल्यापासून दहा हजार मीटरपर्यंत
पन्नास मिनिटं.
तेवढ्यात भात शिजतो, निवतो,
भांडं घासून पालथंही घालता येतं.
पोचलाच वर, तर वारा समोरून:
धारेविरुद्ध पोहणाऱ्या माशासारखा जागच्या जागी.
ती चंदेरी धुडं
त्याच वाऱ्यावर बसून
गेलीसुद्धा.

मग मी वजाबाकीला बसलो.
हँगरच्या दारावर खडूने:
पाठीमागचं चिलखत, गेलं.
रेडिओ, नाहीतरी नुसता खरखरायचा.
दोन तोफा, त्यांच्या गोळ्यांसकट.
रंग खरवडला, तो निघाला बादलीभर.
नऊ हजार दोनशे.
नऊ हजार सहाशे.
"आता काढायचा मीच उरलोय," हिराइवा म्हणाला,
आणि दुसऱ्या दिवशी डोकं भादरून आला.
वीस वर्षांचा होता.
केस मी कागदात बांधून तराजूत टाकले.
काटा हलला नाही.

मार्चमधल्या त्या रात्री ते आले
दोन हजारांवरून.
इतके खाली, की त्यांच्या पोटांवर
शहराचा उजेड पडला होता.
मी सोलून सोलून दहा हजारांसाठी हलकं केलेलं विमान
एक मशीनगन आणि अर्धा पट्टा घेऊन
त्यांच्यामध्ये शिरलं.
पहाटे तो उतरला. काचेवर काजळी.
आधी मोजे काढून फेकले.
"खाली फार गरम होतं," एवढंच बोलला.

पुढे कितीतरी वर्षांनी कळलं,
त्यांनीही त्या रात्रीसाठी तोफा उतरवल्या होत्या,
वाचलेल्या वजनात आग भरली होती.
म्हणजे तिकडच्या बेटावरही कुणीतरी
जीभ दातांत धरून
खडूने हेच गणित मांडत होता.
उत्तर त्याचं बरोबर आलं.

शाळेत मास्तर सांगायचे:
वजा करताना कमी पडलं
तर शेजारच्या घरातून घ्या,
पण त्या घरात एक कमी झाला
हे विसरू नका.
फुकागावात माझ्या ओतोसेताईचं टोफूचं दुकान होतं.
त्या गल्लीत मी तीन दिवस
घरं मोजत फिरलो.
कुठून कुठवर मोजायची
तेच कळेना.

हिराइवा एप्रिलमध्ये गेला.
केसांची पुडी त्याच्या आईला पाठवायची होती,
टपाल बंद होतं.
नंतर टपाल सुरू झालं.

"आजोबा, सांगा ना. भारी कोणतं?"
मी दुकानातला चहाचा तराजू पुढे ओढला,
आधी पारड्यातली भुकटी पुसली.
मोठं: एकशे चाळीस ग्रॅम.
लहान: अठरा.
मुलगा हिरमुसला. त्याला हे नको होतं.
खणात ती पुडी आहे अजून.
हा नवा तराजू बारीक आहे,
त्यावर कदाचित काटा हलेल.
मी खण उघडत नाही.