पायदान

रविवारी प्रार्थनेहून आलो की
अंगणात गाडी डबल स्टँडवर लावतो,
खाइन्झाला मागच्या सीटवर बसवतो
आणि तिची टाच नि पायदान यांच्या मध्ये
माझी बोटं आडवी धरतो.
जानेवारीत चार मावली.
परसातल्या केळीला घड आला, उतरवला, खाऊन संपला,
आज तीन बोटं, आणि वर एक घेवड्याचा दाणा.
"झालं?"
"नाही झालं."
ती पाय ताणते, चवडा खाली करते, लबाडी करते.
मी म्हणतो, चवडा नको, टाच दाखव.

बुडादिरीच्या नाक्यावर आम्ही अकरा बोडावाले.
अकराही जण शाळेची पोरं नेतो. मी नेत होतो.
टाकीवर एक, मागे दोन, कधी तीन,
पेंगणारं असेल ते मधे, पाचर मारल्यासारखं.
आया पैसे माझ्या हातावर मोजायच्या
आणि पोरांना सांगायच्या, घट्ट धर हं.
कशाला धरायचं ते कुणी सांगत नसे.

नांदुतूनं काहीच धरलं नव्हतं.
डुलकी लागली असावी. पुलापुढच्या वळणावर
तिचा लोंबता पाय सायलेन्सरला टेकला.
एवढंच. गाडी पडली नाही, कुणी मेलं नाही.
पोटरीवर कॉफीच्या पानाएवढा डाग.
तिच्या आईनं त्यावर टूथपेस्ट फासली,
मला एका शब्दानं बोलली नाही
आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत
तिला पुन्हा माझ्याच गाडीपाशी आणून उभी केली.
शिव्या दिल्या असत्या तर
मी रात्री झोपलो असतो.

मग एम्बालेचा बाजार पालथा घातला.
हेल्मेटं ढिगानं, सगळी बाप्यांच्या मापाची.
"आत चिंध्या कोंब, बसेल," दुकानदार म्हणाला.
कोंबल्या. खाइन्झानं मान हलवली
तर वाळक्या शेंगेतल्या बीसारखं
डोकं आतल्या आत वाजलं.
चौथ्या दुकानात सापडलं एक, निळं, ओरखडलेलं,
गालांना घट्ट, हनुवटीखाली नीट पट्टा.
नऊ दिवसांची कमाई.
बायको म्हणाली, एवढ्यात शेळी आली असती.
आली असती, खरंच.

तर डोक्याचं झालं, पाय राहिले.
म्हणून मी गाडी ढकलत नेतो.
इंजिन बंद, चावी खिशात,
मी हँडल धरून बाजूनं चालतो
आणि ती वर बसून तोंडानं गाडी चालवते,
गिअर बदलते, हॉर्न मारते, कोंबड्या हाकलते.
नाक्यावर गिडुडू रोज ओरडतो,
"वेटाका, पेट्रोल संपलं की अक्कल?"
पायीच का नेत नाहीस, बायको विचारते.
हे मला नीट सांगता येत नाही.
बोडावाल्याची लेक आहे ती.
वर्गाच्या खिडकीतून पोरं बघत असतात.

मिशनच्या चढावर ती उतरते आणि मागून ढकलते,
म्हणजे ढकलल्यासारखं करते.
हेल्मेट काढत नाही. घामानं कपाळ चिकचिकतं,
तरी नाही.
शेजारून बाकीचे बोडे लाल धूळ उडवत जातात
आणि ती मोठ्यानं मोजते:
तीन. चार. त्यात दोघांचे पाय लोंबतायत, बाबा.
मी तिला गप्प बस म्हणत नाही,
आणि ते माझे दोस्त आहेत, हेही म्हणत नाही.

काल गिडुडूच्या मागे नांदुतू होती.
खाइन्झानं हात केला.
नांदुतूनंही केला, हसत,
दोन्ही हातांनी.