आठ मिनिटांची घंटा

एक्केचाळीस पानं निघाली छापून.
यंत्रातली शाई मधेच संपत आली, म्हणून शेवटची सहा फिकट.
त्या सहांतच तो हरत गेला.

मी स्केलबीच्या कचेरीतली कारकून, मरिअल गार्थवेट.
एकोणीस वर्षं आयव्हर टेनंटची पत्रं उघडली,
त्याच्या सह्या त्याच्याहून चांगल्या केल्या.
आज खोकी भरते आहे. तीनशे बारा मतांनी पडला.
नव्या बाईंना सोमवारी किल्ली द्यायची.

कागदावर तो असा दिसतो:
तारीख, विधेयक, होय.
तारीख, विधेयक, होय.
तारीख, दुरुस्ती, नाही; म्हणजे पक्षाला होयच.
गावात कुणी त्याला होयबा म्हटलं की मी भांडायचे.
आता मोजते तर दोन हजार सातशे चार वेळा
प्रतोदाने गुबुगुबु वाजवलं
आणि याने मान डोलावली.

तिथे मत हाताने देत नाहीत, पायांनी देतात.
घंटा वाजते, आठ मिनिटं,
मग दारं लागतात.
उजवीकडचा बोळ होयचा, डावीकडचा नाहीचा.
तळ्यात, मळ्यात.
फक्त इथे चुकलेला बाद होत नाही,
बाद होतं दुसरंच कुणीतरी, तीनशे मैलांवर.

अकरा मार्च. अनुपस्थित.
विरोधकांनी हे पत्रकावर छापलं, तांबड्या अक्षरांत.
त्या रात्री तो आमच्या धक्क्यावर होता.
लिस्क भावांची बोट परतायची होती, परतली नाही.
थोरा लिस्कला त्याने धीराचा एक शब्द दिला नाही,
तिच्या थर्मासचं झाकण हातात धरून
पहाटेपर्यंत उभा राहिला.
हे कुठल्या रकान्यात घालू?

एकाच तारखेला एकदा दोन्ही: होय आणि नाही.
दोन्ही बोळांतून चालून आला. नियमात बसतं म्हणे.
"युद्धाचा प्रश्न होता, मरिअल. एका बाजूला उभं राहवेना."
तेव्हा मला ते शहाणपण वाटलं होतं.
आज वाटतं, दुप्पट चालला
आणि पोचला कुठेच नाही.

मग पान बावीस.
प्रसूतिगृह. आमच्याच इस्पितळातलं, वरच्या मजल्यावरचं,
पिवळ्या पडद्यांचं.
नाही म्हणायचं कबूल केलं होतं त्याने,
ग्रंथालयात, खुर्च्या कमी पडल्या त्या शुक्रवारी.
मतदानाच्या वेळी मी फोनवर होते,
कुणाच्या तरी पेन्शनच्या कागदासाठी.
पलीकडे घंटा सुरू झाली.
"थांब, ठेवू नकोस," म्हणाला, आणि रिसीव्हर टेबलावर.
बूट ऐकू आले. गालिच्यावर मऊ, मग फरशीवर.
मग कुणाचेच नाहीत.
त्याची चाल मला पाठ होती,
पण बोळ कुठला, ते बुटांवरून कळत नाही.
धापा टाकत परत आला.
"हं. तर तो पेन्शनचा कागद?"
मी सांगितलं. जन्मतारीख, क्रमांक, सगळं.
विचारलं नाही.

दोन वर्षांनी माझी नात व्हायची होती.
बर्फ पडत होता, दुसरं इस्पितळ चव्वेचाळीस मैल.
रस्त्यातच झाली ती, खडीच्या ट्रकमागे अडकलेल्या गाडीत.
जगली. धडधाकट आहे, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारते.
टेनंटकडून फुलं आली होती.
कार्डावरची सही
मीच केलेली.

दारावर कुणीतरी आहे.
मिसेस पिंचबेक. छत गळतं म्हणून तेरा पत्रं झाली,
हातात चौदावं.
"गेला ना तो? मग हे कुणाच्या नावाने?"
मी वरचं नाव खोडते.
खोडतानाही पेन
त्याच्याच सहीच्या वळणाने जातं.