अर्धा इंच माया

दहीपुलाच्या उतारावर बारा बाय आठचं दुकान,
पाटीवर अजून सासऱ्यांचं नाव, निकुंभ टेलर्स.
तीस वर्षं मी तिथे बायकांच्या छातीभोवती टेप धरली,
श्वास सोडा म्हटलं, वहीत आकडा लिहिला
आणि मान वर करून पाहिलं नाही.
तेवढी रीत पाळावी लागते या धंद्यात.

आता शालिमारच्या पुढे, तिसऱ्या मजल्यावर,
पडद्याआड एक पोरगी माझं माप घेते.
डॉक्टर आफरीन. माझ्या केतकीएवढी.
डाव्या अंगावर जांभळ्या पेनाने रेघ ओढते,
हात हलत नाही.
मनात म्हटलं, खडू बरा चालतो हिचा.

गाठ लहान आहे, ती म्हणाली, वेळेवर आलात.
पण अंतर सोडून दुसरीही आहे, म्हणून सगळंच काढू.
वरची कातडी राखता येईल.
म्हणजे कापड तेच, अस्तर बदलायचं,
मी म्हटलं. ती हसली. मग आम्ही
एकाच टेबलावर बसल्यासारख्या बोलू लागलो.

सिलिकॉनचं भरता येतं. ऑपरेशन लवकर आटपतं,
पण ते जन्माला पुरेलच असं नाही, बदलावं लागतं कधी.
रेडिमेड पॅड. ठाऊक आहे.
पाठीचा स्नायू पुढे वळवता येतो.
मशीनचं चाक कोणत्या हाताने फिरवता?
उजव्या. पण कापड ओढतो तो डावाच.
तिने कागदावर काहीतरी लिहिलं.
नाहीतर पोटाचं.
बेंबीखालची चरबी, कातडी, रक्तवाहिन्यांसकट उचलून वर.
तिथे भरपूर आहे, म्हणाली, आणि लाजली.

माया म्हणतात त्याला आमच्यात.
शिवणीच्या आत अर्धा इंच जास्तीचं कापड ठेवायचं,
बाई अंगाने भरली तर उसवून सोडायला.
दोन बाळंतपणांची माया
पोटाने कोणी न सांगता ठेवली होती.
मला वाटायचं, सुटलंय.

आणि काहीच केलं नाही तर?
तर सपाट. पुष्कळजणी तशाच राहतात,
ते काही हरणं नाही.
मन बदललं तर वर्षाने या, दोन वर्षांनी या.
एक मात्र सांगते, यातलं काहीही केलं
तरी हात लावलेला पूर्वीसारखा कळणार नाही.
हे तिने पेनाला टोपण लावता लावता सांगितलं.

उठताना मी म्हटलं, ज्या गावाचं नाव
एका बाईच्या कापलेल्या नाकावरून पडलं म्हणतात,
तिथे तुम्ही जोडायचं दुकान मांडलंत. बरं केलंत.
आणि निर्णय? परवा सांगते.
गिऱ्हाइकांना जन्मभर हेच सांगत आले, परवा या.

रात्री जुन्या वह्या काढल्या.
सुगंधा वाघचौरे, मखमलाबाद.
एका ओळीत दोन आकडे, उजवं वेगळं, डावं वेगळं.
ती टेपकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती.
मी नेहमीसारखं श्वास सोडा म्हटलं,
उजव्या कटोरीत न विचारता कापसाचे तीन थर घातले,
शिलाई नेहमीचीच लावली.
फोन केला. लागला.
म्हणाली, तो ब्लाऊज अजून आहे गं.
कापूस मी महिन्याभरात काढून टाकला, उकडायचं.
पण तू घातला होतास ना,
म्हणून काढता आला.

केतकी म्हणते, आई, या वयात कोणासाठी?
मी उत्तर दिलं नाही. भाजी चिरत होते.

पहाटे गंगेवरून गार वारा येत होता.
शटर अर्धंच वर केलं, आरशासमोर स्वतःला टेप लावली.
दुसऱ्याची घ्यायची सवय, आपली घेताना हात पुरत नाही.
वहीत नवं पान. नाव, कुमुदिनी निकुंभ.
छाती, पुढे जागा कोरी.
पोट, एक्केचाळीस.
आणि समासात, बारीक अक्षरात,
माया आहे.